तळाचं भोक

मोबाइल ठेव बाजूला. ही वाटी धर.
तांब्याची आहे. माझ्या आज्याने
काशानच्या तांबटाकडून घडवून आणली,
जाता-येता गाढवावर सोळा दिवस.
बुडाला भोक आहे, दिसतं?
असं नाही दिसणार. उजेडाकडे धर.
आता बघ: मोहरीएवढा सूर्य.

एवढ्याशा भोकातून आमच्या गावात वेळ यायची.

परातीतल्या पाण्यावर वाटी सोडायची.
ती भरत भरत जड व्हायची,
काठ पाण्याला टेकायचा, आणि
डुबुक.
एक खडा टाकायचा. उपसून पुन्हा सोडायची.
मिनिटं किती, ते मला विचारू नकोस.
शाळेच्या मास्तराने घड्याळ लावून मोजलं होतं,
सात, कधी साडेसात, थंडीत त्याहून जास्त.
म्हणाला, खोदादाद, तुझी वाटी चुकते.
मी म्हणालो, गारठ्यात पाणी आखडतं, माणूस आखडतो,
तुझ्या घड्याळालाच तेवढी थंडी वाजत नाही.

डोंगराच्या पोटातून, दोन कोस अंधारातून,
भुयारी पाटाने धार यायची. सगळ्यांची एकच धार.
म्हणून इथे पाणी कुणी विकत घेतलं नाही.
घेतली ती वेळ.
अब्बास-अलीच्या अकरा वाट्या, दर बाराव्या दिवशी.
तूबा सासरी आली ती चार वाट्या घेऊन.
नानवाईचे दोघे मुलगे एका वाटीवरून कोर्टात गेले,
अर्धी अर्धी करून परतले, पुन्हा बोलले नाहीत.
अर्ध्याची खूण आत आहे, नखाने ओरखडल्यासारखी.
बोट फिरव.

चाळीस वर्षं मी त्या परातीशी बसलो.
लोक म्हणायचे, हा पाटकरी वेळ राखतो.
राखायची ती गुरं.
मी नुसता बुडताना बघत होतो.
गावात कुणी गेलं की म्हणत, त्याची वाटी बुडाली.
मी मनात म्हणायचो, भरली म्हणा.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

केशराला पहिलं पाणी द्यायचे दिवस.
तूबाचा नवरा त्याच भुयारात, गाळ काढताना,
वसंतात दबून मेलेला.
पाळीची चौथी वाटी भरत आली
आणि तिचं रान अर्धं कोरडं.
ती बांधावर कंदील धरून उभी होती. काही म्हणाली नाही.
म्हणाली असती तर मी नियम सांगितला असता.
माझ्या जोडीचा सफर डुलक्या घेत होता,
किंवा तसं दाखवत होता.
मी पाण्यात हात घातला
आणि भोकाला करंगळी लावली.

वाटी थांबली.

किती वेळ? तेच तर.
मोजायचं ते माझ्या करंगळीखाली होतं.
वर तारे होते, पण मी मान वर केली नाही.
खाली, बंधाऱ्यापाशी, अब्बास-अली
फावडं टेकून आपल्या पाळीची वाट बघत खोकत होता.
एकदा खोकला. पुन्हा खोकला.
सगळा गाव तेवढा वेळ थांबलेला, झोपेत,
आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.
करंगळी बधिर झाली तेव्हा काढली.
डुबुक.
सफर डोळे न उघडता म्हणाला, चार.
मी चौथा खडा टाकला.

त्या साली तूबाचं रान जांभळं झालं. सगळंच्या सगळं.

पुढे पंप आले. विहिरी खोल गेल्या, भुयार आटलं.
आता कळ दाबली की पाणी, खोलातलं, खारट,
आणि वेळ कुणाचीच नाही.
तू म्हणतोस, ही वाटी शहरातल्या
संग्रहालयाला देऊ. दे.
काचेत ठेवतील, खाली चिठ्ठी लावतील.
कोरडी वाटी बुडत नाही, एवढं त्यांना सांग.

आणि अब्बास-अलीचा नातू, तो पंक्चरवाला,
त्याच्याशी घासाघीस करू नकोस.
मागेल त्यापेक्षा थोडं जास्त देत जा.
आपण त्याचं देणं लागतो.
किती, ते मला ठाऊक नाही.